लेकरू झोपत नाही जी

किन्हीराजा हे वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं, जुन्या नागपूर-औरंगाबाद रस्त्यावरचं गाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल तर रब्बीत हरभरा, गहू. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री येते. रात्रीची पाळी असली की घरचा कर्ता माणूस ओलित करायला शेतात जातो आणि घरात माय आणि लेकरं उरतात. त्यातलं एखादं लेकरू वयाने आठ वर्षांचं, समजेने तीन वर्षांचं असलं आणि रात्री एकला उठून दाराची कडी वाजवू लागलं, तर त्याच्यामागे जागं राहायला तिच्याशिवाय दुसरं कोणी नसतं. कडी उघडून ते बाहेर गेलं तर विहीर आहे, ट्रकांचा रस्ता आहे. म्हणून ती डोळा लागू देत नाही. असे महिनेच्या महिने गेले की एक दिवस ती दवाखान्यात येऊन सांगते, "लेकरू झोपत नाही जी. काही झोपीचं द्या." बहुतेक वेळा तिच्या हाती सर्दी-ॲलर्जीच्या सिरपची बाटली पडते, कारण त्या औषधाने गुंगी येते हे सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या बाटलीचं कूळ शोधत मागे गेलं तर एक गोष्ट पिढ्यानपिढ्या तशीच सापडते. जागणाऱ्या माणसाला थोडं निजता यावं म्हणून लेकराला झोपवलं गेलं. लेकरू का झोपत नाही, हा प्रश्न फार उशिरा आणि फार थोड्यांनी विचारला. यात मायचा दोष मी धरत नाही. तिला दुसरा उपाय कोणी दिलाच नव्हता.

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मवाळ मात्रा आपल्या बाळगुटीत आहे. सहाणेवर थेंबभर दूध किंवा पाणी घ्यायचं आणि हळकुंड, वेखंड, हिरडा, सुंठ, मुरडशेंग, बदाम, खारीक एकेक करून उगाळायचं. माप मोजायचं ते वेढ्यांनी. बदामाचे वेढे जास्त, वेखंडाचा एखादाच. जायफळाला आजी सगळ्यात जपून असायची. त्याचा एक वेढा पुरे. बाळ फारच किरकिरं असलं तर दोन, त्यापुढे नाही. जायफळ जास्त झालं तर विषारी ठरतं, आणि हे त्या बाईला रसायनशास्त्र न शिकता कळत होतं. माप तिच्या बोटात होतं आणि मात्रा बाळाकडे बघून ठरत होती.

चरकसंहितेने निद्रेला आहाराच्या जोडीने शरीर तोलून धरणाऱ्या तीन आधारांत बसवलं. झोप हरवलेल्याला तिथे अंगाला तेल, स्नान, दूध, दही-भात, हलकं अंग चेपणं, आवडता गंध, कानाला बरा वाटणारा आवाज आणि सुखाचं अंथरूण सांगितलं आहे. अफू तिथे नाही. वैद्यकाच्या ग्रंथांत ती शार्ङ्गधरसंहितेच्या काळात, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकाच्या आसपास दिसू लागते. तिथून घरातल्या डबीपर्यंत तिला पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर तिने जायफळाला मागे टाकलं.

तिच्या पोचण्याचा सर्वांत नीट नोंदलेला पुरावा मुंबईच्या गिरणगावातला आहे. १८५० च्या दशकात कावसजी दावरांची पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या पन्नास वर्षांत कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो बायका गिरण्यांत लागल्या. पाळी लांब. तान्हं मूल खोलीवर एखाद्या म्हातारीकडे किंवा धाकट्या बहिणीकडे ठेवायचं. निघताना त्याच्या जिभेवर बाळगोळी ठेवायची, तिच्यात अफू. १९२२ मध्ये डॉ. बार्न्स या सरकारने नेमलेल्या स्त्री-डॉक्टरने गिरणी कामगार बायकांची पाहणी केली आणि त्यांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते असं लिहिलं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाळण्यात. पुढे १९३१ च्या शाही कामगार आयोगाच्या अहवालातही या प्रथेची नोंद झाली. हा आयोग कारखाने आणि मळ्यांपुरता होता. कापूस वेचणाऱ्या वऱ्हाडातल्या शेतमजूर बाईची झोळी त्याच्या कक्षेत येत नव्हती.

ही प्रथा आपल्याच मागासपणाची, असं त्या काळी खूप लिहिलं गेलं. ते खोटं आहे. मुंबईच्या आधी कितीतरी वर्षं मँचेस्टरच्या गिरणी वस्तीत 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं अफूचं गोड पाणी बाळांना पाजलं जात होतं. अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लो'चं सिरप विकलं जाई, त्यात मॉर्फिन होतं. आपल्या घराघरात आलेल्या ग्राइप वॉटरच्या मूळ कृतीत मद्यार्क होता. जिथे जिथे आईला दिवसभर यंत्रापाशी उभं केलं आणि बाळाकडे बघायला कोणाला नेमलं नाही, तिथे तिथे ही बाटली आली. आपल्याकडे तर अफू विकायची ती सरकारच्या परवान्याच्या दुकानातूनच, आणि १८९३ ते ९५ मध्ये बसलेल्या शाही अफू आयोगाने एकंदर फारसं बिघडत नाही असाच निर्वाळा दिला होता. तोंडाने खायच्या अफूची खुली विक्री बंद व्हायला १९५९ साल उजाडलं.

अफूने झोपलेलं बाळ रडत नाही आणि भूक लागली तरी दूध मागत नाही. पोट बांधलं जातं, वजन वाढत नाही. मात्रा किंचित जास्त झाली तर श्वास मंदावतो. तेवढ्यात कोणी पाहिलं तर बाळ वाचतं, पण मेंदूला बराच वेळ प्राणवायू कमी पडला असेल तर ते जन्मभर मंद राहू शकतं. झोपवण्याच्या मात्रेनेच बुद्धी अधू झालेली किती मुलं त्या चाळींत वाढली, त्याची मोजणी नाही. ती 'देवाने दिलेली' म्हणून सांभाळली गेली.

शांत झोपणारं बाळ ते गुणी बाळ, ही समजूत अजून टिकून आहे आणि तिची किंमत अजून मोजली जाते. जन्मतःच थायरॉइड ग्रंथी काम करत नसलेलं मूल फार झोपतं, कमी रडतं, दूध पिताना पेंगतं. बघायला येणाऱ्या बायका कौतुक करतात, "किती शहाणं आहे, त्रासच देत नाही." जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत टाचेतून दोन थेंब रक्त घेऊन तपासणी झाली आणि गोळी सुरू झाली तर हे मूल इतर मुलांसारखं वाढतं. तपासणी झाली नाही आणि काही महिने कौतुकातच गेले, तर ती बुद्धी परत मिळत नाही. आपल्याकडे ही तपासणी अजून प्रत्येक बाळंतपणात होत नाही. मतिमंदत्व टाळण्याच्या ज्या थोड्या वाटा आहेत त्यातली ही एक, आणि या विकाराचं एक लक्षण झोपेतच दिसतं.

आता थोडं शहाण्या वैद्यकाकडे. १८५७ मध्ये ब्रोमाइड आलं, १९०३ मध्ये पहिलं बार्बिट्युरेट, १९१२ मध्ये फेनोबार्बिटोन, जे आपल्याकडे 'गार्डिनल' म्हणून घरोघरी माहीत झालं. फिट्स येणाऱ्या मुलांना त्याने खरा आधार दिला. बौद्धिक अक्षमता असलेल्या सुमारे पाचातल्या एकाला फिट्स येतात, त्यामुळे यातल्या बऱ्याच घरांत ती गोळी असते. पण तीच गोळी बऱ्याच मुलांना चिडचिडं आणि अतिचंचल करते, रात्र आणखी अवघड करते. मग आईला वाटतं, झोपेची गोळी देऊनही झोपत नाही म्हणजे कमी पडत असेल. मात्रा वाढते.

१९४६ मध्ये फ्रान्सच्या प्रयोगशाळेत प्रोमेथाझिन तयार झालं, तेच 'फेनरगन'. त्याच रसायनकुळातून १९५० मध्ये क्लोरप्रोमाझिन निघालं आणि १९५२ पासून पॅरिसच्या मनोरुग्णालयात वापरलं जाऊ लागलं. तिथून ते जगभरच्या मोठ्या संस्थांत गेलं. एका दालनात शंभर मुलं, रात्रपाळीला दोन माणसं, अशा ठिकाणी सगळ्यांना एकाच वेळी निजवणारं औषध किती सोयीचं वाटलं असेल हे समजण्यासारखं आहे. आणि फेनरगन वर्गातली सिरपं तिथून दवाखान्याच्या काउंटरवर उतरली. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन देऊ नये, श्वास बंद पडू शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये दिला. बाळगोळीविषयी जे कळलं होतं, तेच पुन्हा कळायला इतकी वर्षं गेली.

आपल्या कायद्याने या मुलांकडे कसं पाहिलं तेही सांगायला हवं. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यात जन्मजात मंद माणूस आणि वेड लागलेला माणूस एकाच व्याख्येत होते. दोघांची जागा एकच, वेड्यांचं इस्पितळ. १९४१ मध्ये मानखुर्दला अशा मुलांसाठी वेगळं घर झालं, १९४४ मध्ये वकील दांपत्याने मुंबईत आपल्या मुलीपासून 'जय वकील' शाळा सुरू केली, १९६४ मध्ये पुण्यात सिंधूताई जोशींनी 'कामायनी' काढली. मंदत्व हा मनोरोग नव्हे, हे कायद्यात यायला १९८७ उजाडलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमतेला तिचं स्थान दिलं. शाळा दिवसाच्या होत्या, कायदे दिवसाचे होते. रात्र घरच्यांकडेच राहिली. विदर्भात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी सोडून दिलेली सव्वाशेच्या आसपास मुलं स्वतःचं आडनाव देऊन वाढवली, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथल्या झाडांविषयी, लग्नांविषयी आपण वर्तमानपत्रांत वाचतो. अशा घरातल्या रात्रींविषयी कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि मला ते वाचायचं आहे.

मग 'का झोपत नाही' हे कोणी विचारलं? पहिला चांगला प्रश्न १८८९ सालचा आहे. विल्यम हिल नावाच्या इंग्लिश डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांच्या मंदपणाच्या काही कारणांवर निबंध लिहिला. नाकामागच्या गाठी आणि टॉन्सिल सुजलेलं मूल तोंडाने श्वास घेतं, रात्री गुदमरतं, दिवसा बथ्थड दिसतं, आणि वाट मोकळी केली की त्यातली काही मुलं तरतरीत होतात, असं त्याने दाखवलं. हे सरळ निरीक्षण जवळजवळ नव्वद वर्षं बाजूला पडून राहिलं. १९५१ मध्ये शिकागोत युजीन ॲसरिन्स्कीने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा लावून रात्रभर आलेख काढला आणि झोपेत डोळे भिरभिरण्याची अवस्था सापडली. आधुनिक झोपशास्त्राची सुरुवात अशी एका झोपलेल्या लेकरापाशी बसून झाली. १९६५ मध्ये झोपेत श्वास अडकण्याचे आलेख फ्रान्समध्ये निघाले आणि १९७६ मध्ये गिलमिनो यांनी मुलांमधला हा विकार मांडला, तेव्हा कुठे हिलचं म्हणणं परत आलं.

डाउन सिंड्रोमच्या मुलांसाठी हे फार मोलाचं. लँगडन डाउनने १८६६ मध्येच या मुलांच्या मोठ्या जिभेची नोंद केली होती. लहान जबडा, मोठी जीभ, ढिले स्नायू, त्यात टॉन्सिल, यामुळे निम्म्याहून अधिक मुलांचा श्वास झोपेत अडतो. लेकरू मान मागे टाकून किंवा मांडी घालून पुढे वाकून झोपतं, घोरतं, मध्येच आवाज थांबतो, मग एकदम धडपडून श्वास घेतं. घरचे म्हणतात, याची झोपायची तऱ्हाच वेगळी. ती तऱ्हा म्हणजे त्याने श्वासासाठी शोधलेली वाट असते. अशा मुलाला गुंगीचं सिरप दिलं की स्नायू आणखी ढिले पडतात आणि श्वास आणखी अडतो. म्हणून हे मला सांगावंसं वाटतं: घोरणाऱ्या लेकराला झोपेचं औषध देण्याआधी त्याचा घसा दाखवा.

मेलाटोनिनची वाट वेगळ्याच दारातून आली. येल विद्यापीठातल्या ॲरन लर्नर या त्वचारोगतज्ज्ञाला कोडावर इलाज हवा होता. गुरांच्या मेंदूतल्या हजारो पिनियल ग्रंथी गाळून १९५८ मध्ये त्याने बेडकाची कातडी फिकट करणारा एक पदार्थ वेगळा केला. कोडाला त्याचा उपयोग झाला नाही. पुढे कळलं की अंधार पडला की शरीर हा पदार्थ सोडतं आणि रात्र झाल्याचं सगळ्या अवयवांना कळवतं. १९९४ मध्ये व्हँकूव्हरच्या जेम्स यान यांनी अनेक अपंगत्वं असलेल्या, त्यातल्या बऱ्याच दृष्टिहीन असलेल्या पंधरा मुलांना ते दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. ज्याला उजेड दिसत नाही त्याच्या शरीराला रात्र कळत नाही, हे त्यात इतकं साफ होतं की वाचताना वाटतं, हे आधी का सुचलं नाही.

स्मिथ-मॅजेनिस या दुर्मीळ आनुवंशिक विकारात तर हे घड्याळ उलटंच चालतं. मेलाटोनिन दिवसा वाढतं, रात्री ओसरतं. मूल दुपारी कोसळतं आणि पहाटे दोनला उठून खेळायला बसतं. २००० च्या सुमारास हे उघड झाल्यावर फ्रेंच डॉक्टरांनी सकाळी मेलाटोनिन रोखणारं औषध आणि संध्याकाळी मेलाटोनिन, अशी जोडी देऊन पाहिली आणि मुलांना रात्र मिळाली. कारण सापडलं की इलाज असा नेमका होतो.

मात्र आज मेलाटोनिनच्या रंगीत चघळगोळ्या जशा विकल्या जातात त्यावरून तीच नवी बाळगोळी होईल अशी मला भीती वाटते. इंग्लंडमध्ये मेंदूच्या वाढीचे विकार असलेल्या, झोप न येणाऱ्या १४६ मुलांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलं अर्ध्या तासाहून थोडी अधिक लवकर झोपली, पण सकाळी उठलीही लवकर. एकूण झोप वाढली ती वीस-बावीस मिनिटं. त्या चाचणीत गोळीच्या आधी काही आठवडे पालकांना झोपेच्या सवयींची पुस्तिका दिली होती. मला त्यातली ही पायरी जास्त महत्त्वाची वाटते.

फक्त ती पुस्तिका किन्हीराजाला जशीच्या तशी चालणार नाही. तिच्यात मुलाची वेगळी खोली गृहीत असते आणि रडलं तरी काही वेळ जवळ जाऊ नका असा सल्ला असतो. एका खोलीत पाच जणं निजतात, भिंतीपलीकडे शेजारी, पहाटे लवकर कामाला जायचं, तिथे रडू देणं शक्य नाही. आपल्याकडे जमण्यासारखं वेगळं आहे. झोपायची वेळ हलली तरी उठवायची वेळ रोज तीच ठेवायची. उठल्याबरोबर ओसरीवर, अंगणात उन्हात बसवायचं, कारण शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं. दुपारची झोप आखडायची. संध्याकाळचा चहा बंद करायचा. लेकरू गप्प बसतं म्हणून बशीभर चहा आणि हातात मोबाइल देणं, हे दोन्ही रात्र लांबवतात. आणि रोज रात्री त्याच क्रमाने तीच कामं: हातपाय धुणं, तेल, अंथरूण, एकच गाणं. जे बोलून कळत नाही ते क्रमाने कळतं.

त्याआधी दुखणं शोधायचं. बोलता न येणारं लेकरू दात दुखतो हे सांगू शकत नाही, ते रात्री डोकं आपटतं. कान, घशाशी येणारं आंबट पाणी, चार-चार दिवस न झालेली शी, गुदाजवळ रात्री खाज आणणारे बारीक जंत. जंताची गोळी अंगणवाडीत आणि शाळेत फुकट मिळते, पण शाळेत न जाणाऱ्या याच मुलापर्यंत ती अनेकदा येत नाही. रक्तात लोह कमी असलं की पाय रात्री स्वस्थ राहत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. तेव्हा रात्री पाय झाडणाऱ्या मुलाचं आधी रक्त तपासायला हवं. झोपेत ताठ होणं, ओठ चावणं, अंथरूण ओलं होणं म्हणजे फिट असू शकते.

हे सगळं कोणी कधी विचारायचं? अपंगत्वाचा दाखला काढायला प्रत्येक घर एकदा तरी जिल्ह्याच्या ठिकाणी जातंच. तिथे बुद्ध्यांकासोबत व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वता मापनी लावतात आणि तिच्या गुणांवरून दाखल्यावरची टक्केवारी ठरते. अमेरिकेत एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये केलेली ही मापनी भारतीय मुलांसाठी बसवली ती नागपूरच्या डॉ. ए. जे. मालिन यांनी, आपल्याच विदर्भात. तीत ८९ बाबी आहेत. मूल स्वतःच्या हाताने जेवतं का, बटणं लावतं का, कोणाच्या मदतीशिवाय झोपायला जातं का, हे सगळं येतं. झोपायला गेल्यावर पुढे काय होतं, हे येत नाही.

वाशिमला २०२४ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथे दाखल्याला आलेल्या प्रत्येक लेकराच्या कागदावर रात्रीसाठी एक पान जोडलं तर खर्च फक्त छपाईचा. किन्हीराजाहून येणाऱ्या बाईला आधीच कळवता येईल की दोन आठवडे वहीत लिहून आणा: किती वाजता निजला, किती वाजता उठला, दिवसा किती झोपला. घोरत असेल तर मोबाइलवर चित्रफीत घेऊन या, सदऱ्याची बटणं काढून, म्हणजे श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात का ते दिसेल. आणि त्याच पानावर आईची झोपही लिहावी. आजवर लेकराची मात्रा तिच्या थकव्यावर ठरत आली, पण तो थकवा कागदावर कधी आला नाही. तो आला तर डॉक्टरला दोन वेगळे इलाज लिहिता येतील. लेकराला जे लागेल ते. आणि घराला: दाराला हात न पोचेल अशी वर कडी, दारावर एक घुंगरू, आणि ओलिताची पाळी नसेल त्या रात्री बाप किंवा आजी जागी, माय आत झोपलेली.